नळीवरची साय

१

कुणी हकनाक मेलं की शहाणी माणसं आधी हात धुवायला धावतात. खांदा कॉलनीतल्या त्या रुग्णालयात तर हात धुवायची नुसती रांग लागली होती, आणि साबण म्हणून सगळ्यांनी मिळून भगवान म्हात्रेला वापरलं होतं.

पंच्याण्णव सालची थंडी होती. बेलपाड्याची चार वर्षांची रंजिता तापाने फणफणलेली, धाप लागलेली, अशी तिच्या आईने, भामाने, रिक्षात घालून डॉ. सत्यजीत करमरकरांकडे आणली. करमरकरांचं नाव तेव्हा पनवेलभर गाजत होतं. एका कंपनीची नवी रक्ततपासणी ते आजमावून पाहत होते. छातीचा आजार विषाणूंचा आहे की जंतूंचा, हे म्हणे तासाभरात कळायचं. विषाणू शिरला की रक्तात एक प्रथिन वाढतं, आणि ते वाढलं की पट्टीवर लाल रेघ उमटते. रेघ उमटली तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, ते बंद. नाही उमटली तर मात्र त्यावाचून गत्यंतर नाही. कल्पना खरंच चांगली होती. वाईट कल्पनेने जेवढी माणसं मरतात, त्याहून जास्त चांगली कल्पना वाईट हातात पडल्याने मरतात.

रंजिताच्या नावाच्या नळीने, ती रेघ बघायला खास आलेल्या पाहुण्यांसमोर, गडद लाल रेघ दाखवली. अँटिबायोटिक बंद झालं. दोन दिवसांनी मुलगी गेली. शवविच्छेदनात तिच्या दोन्ही फुप्फुसांत पू भरलेला निघाला. म्हणजे आजार जंतूंचा होता, आणि रेघ खोटी होती.

"रेघ खोटी नाही, नळी खोटी आहे," असं करमरकरांनीच पोलिसांत लिहून दिलं. रक्त काढणारा भगवान हा मुलीचा सख्खा मामा. त्या दिवशी चुलतभावाची हळद होती. दारूच्या नशेत त्याने भलत्याच कुणाचं रक्त भाचीच्या नावावर ठेवलं, असं त्यांचं म्हणणं. बेलपाड्याने ते मानलं. भामाने तर सगळ्यांच्या आधी मानलं.

इन्स्पेक्टर अविनाश ती नळी बर्फाच्या डब्यात घालून सुमतीमावशीकडे आला. सुमती प्रधान म्हणजे सरकारी प्रयोगशाळेत खुनाच्या कपड्यांवरचे डाग वाचण्यात जन्म घालवून निवृत्त झालेली बाई. रक्ताची तिला कधी किळस आली नाही. माणसांची मात्र येत असे, आणि वयाबरोबर ती वाढतच चालली होती.

"मावशी, मुंबईहून रिपोर्ट यायला महिना जाईल. तू नुसती नजर टाक. करमरकरांनी स्वतःहून काढून दिली बघ नळी. माणूस सज्जन आहे."

"स्वतःहून पुढे येणाऱ्या सज्जनांची मला जरा भीतीच वाटते," म्हणत सुमतीने नळी खिडकीच्या उजेडात धरली. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध होतं, त्यामुळे लाल पेशी तळाशी बसून वर पाणी सुटलं होतं. निरोगी माणसाचं ते पाणी फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. हे तसं नव्हतं.

तिने नाक मुरडलं. "अवि, हिच्यावर साय धरली आहे."

२

दुधावर धरावी तशीच ती साय होती, पांढरी आणि चिकट. अविनाशने पाहिली आणि चहाचा कप बाजूला सरकवला.

"तूप-तेल पोटभर चापून खाल्लं की काही तास रक्तात स्निग्ध कण फिरत असतात," सुमती म्हणाली. "असं रक्त थंडीत ठेवलं की ते वर येतात. ज्याचं हे रक्त आहे, त्याने थोड्याच वेळापूर्वी ताव मारला होता. पोरगी जेवली होती का?"

"दोन दिवस पाण्याशिवाय काही नव्हतं पोटात. आईच सांगते."

"मग हे तिचं नव्हे."

नजरेवर विसंबणारी बाई ती नव्हती. तिने तळाच्या पेशींचा गट तपासला, तो बी निघाला. मग अविनाशला पिटाळून भामाचं आणि तिच्या नवऱ्याचं बोटावरचं रक्त मागवलं. दोघंही ओ गटाची. ओ आणि ओच्या पोटी बी येत नाही, हे निसर्गाने ठरवलेलं आहे आणि तिथे कुणाचा वशिला चालत नाही.

"म्हणजे भगवानने दुसऱ्या पेशंटची नळी..."

"दुसरा पेशंट होता कुठे?" सुमतीने विचारलं. "तूच म्हणालास ना, पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी बाकीचे पेशंट परत पाठवले होते. दुसरी नळी भरलीच नाही, तर अदलाबदल होईल कशाशी? ही चूक नाही अवि. कुणीतरी मुद्दाम दंडात सुई खुपसून हे रक्त काढलं आणि पोरीच्या नावावर ठेवलं."

अविनाश म्हणाला, "भगवान स्वतःचंही घालू शकतो."

म्हणून ती कोठडीत गेली. भगवान भिंतीला टेकून बसला होता. उंचापुरा माणूस, पण वाळलेल्या बोंबलासारखा सुकून गेला होता. त्याने न विचारता हात पुढे केला. त्याचाही गट ओ निघाला.

"किती रक्त काढलंस तिचं?" सुमतीने विचारलं.

"दोन-चार थेंब, बाय. शीर गावत नव्हती. पोर मामा मामा करून रडाया लागली, मंग माजा हातच चालंना. नळीचा बूड भिजला तेवराच. ट्रेमदी ठेवली नि गेलो हळदीला."

"दारू प्यायलास?"

"तिकडं गेल्यावर पिलो. त्याच्या आदी नाय. देवाशपत नाय." तो घुटमळला. "पन ते कुनाला खरा वाटनार? भामालाच नाय वाटत."

नळी तर अर्ध्याहून जास्त भरलेली होती. सुमतीचा त्याच्यावर विश्वास बसला, पण तिच्या विश्वासाला बेलपाड्यात कोण विचारतो? ती भामाकडे गेली, तर भामा अंगणात जमिनीकडे बघत बसलेली. शेजारणींनी चुलीवर काहीतरी ठेवलं होतं आणि ते करपत होतं.

"माजा भाव मेला मना," भामा म्हणाली. "त्याचा तोंड बगायचा नाय. दारूचा वास मारीत आलता त्या सांजंला. तो डॉक्टर देवमानूस हाय बाय. सोताचा रगत दिला त्यानी माजे पोरीला. नि हा सख्खा मामा!"

दुःखात माणूस काहीही बोलतो, असं सुमतीला वाटलं. त्या रुग्णालयात रक्त चढवायची सोयच नव्हती, आणि केसपेपरवरही तसं काही नव्हतं. तिने बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती उठली.

भगवानला सोडवायचं असेल तर कायद्याला पुरावा पुरला असता. भामाला मात्र नाव हवं होतं. ती नळी कुणाच्या रक्ताने भरली, त्याचं नाव.

३

रुग्णालयाच्या दारात गणपतीची संगमरवरी मूर्ती होती. तिच्या पायाशी ताजी फुलं आणि वर पाटी, 'आम्ही उपचार करतो, तो बरा करतो'. रंजिताच्या बाबतीत दोघांनीही आपापलं काम केलं नव्हतं, असं सुमतीच्या मनात आलं आणि तिचं तोंड कडू झालं.

पहिला भेटला निनाद, कंपनीचा माणूस. टाय लावलेला, नाकाला रुमाल लावलेला, आणि बोलणं लोणी लावलेलं.

"मॅडम, आमचा किट शंभर टक्के परफेक्ट आहे. सॅम्पलच चुकीचं दिलं तर मशीन काय करणार?"

"सर्दी कधीपासून आहे?"

"त्याच आठवड्यात पकडली. सगळ्यांनाच होती ना."

ते खरं होतं. त्या आठवड्यात खांदा कॉलनीत कोरडं नाक शोधून सापडलं नसतं. पट्टीवर गडद रेघ उमटली त्याचं कारणही तेच. रेघ बिचारी खरंच बोलली होती, फक्त दुसऱ्याच कुणाच्या सर्दीबद्दल.

"त्या दुपारी काय जेवलात?"

"हायवेवरच्या धाब्यावर गेलो होतो. बटर चिकन. का?"

सुमती तोवर पुढच्या दाराकडे वळली होती.

प्रयोगशाळा सांभाळणारी वल्लरी बारीक, फिकट मुलगी होती. पाहुणे यायच्या आधी ट्रे कुठे होता, असं विचारल्यावर ती नाक ओढत म्हणाली, "रक्ताच्या खोलीत. तिथे सगळेच ये-जा करत होते. निनाद टेबल मांडत होते, सर कोट बदलायला आले होते, मी काचा धूत होते. मधे मला हार-तुरे आणायला पाठवलं. परत आले तेव्हा नळी भरलेली होती. मला वाटलं भगवाननेच भरली."

"तू काय खाल्लं होतंस त्या दिवशी?"

"काही नाही. संकष्टी होती. माझा नवस आहे, चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही." ती थोडी लाजली. "लग्नाचा आहे."

शेवटी करमरकर. कपाळावर अष्टगंध, हातात निलगिरी शिंपडलेला रुमाल, आणि आवाजात असं काही मार्दव की ऐकणाऱ्याला आपल्याच घशात साखर विरघळल्यासारखं वाटावं. ते सर्दीमुळे जरा नाकात बोलत होते.

"बिचारी पोर! मी तीन रात्री झोपलो नाही, बाई. भगवानवर माझा राग नाही हो. अडाणी माणूस. दारू म्हटली की यांना भान राहत नाही."

"पट्टीची तपासणी कुणी केली?"

"मीच, पाहुण्यांसमोर. नळी तयारच होती, मी नुसते थेंब टाकले."

"आणि जेवण?"

ते हसले. "संकष्टी ना! आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलेला उपास आहे. दुपारी उपासाचा डबा येतो घरून, आणि रात्री चंद्र पाहून मोदक. तुम्ही करता की नाही?"

"मी प्रधानांची. आमच्याकडे संकष्टीला फक्त मासे स्वस्त होतात की नाही तेवढं बघतात."

बाहेर येऊन तिने अविनाशला सांगितलं, "दोघं उपाशी होते, त्यांच्या रक्तावर साय यायचं कारण नाही. उरला टायवाला. सर्दी त्याला, बटर चिकन त्याच्या पोटात, आणि रेघ उमटली नसती तर किट पडणार त्याचा."

निनादचा चेहरा पांढरा पडला, पण त्याने बाही वर केली. सुमतीने काचेवर थेंब घेतला, औषध टाकलं आणि काच हलवत राहिली. मग तिने काच बघितली आणि जिभेवर आलेला शब्द गिळला.

निनादचा गट ए होता.

४

"साप म्हणून भुई धोपटली मी," सुमती म्हणाली. ती चिडली होती, आणि तिला आपल्या चुकीची चीड आली की सगळ्या जगाची येत असे.

दुसऱ्या दिवशी अविनाशने जास्तीची बातमी आणली. वल्लरीने आपणहून गट तपासून घेतला होता. बी.

"झालं तर मग," तो म्हणाला. "तिलाही सर्दी होती, ती खोलीत होती, गट जुळतो. उपासाचं तिने खोटं सांगितलं असणार. मी तिला आणायला गाडी पाठवतोय."

"ती स्वतःचा गट स्वतःच सांगायला का आली असती?"

"शहाणपणा करायला. सगळे चोर एकदा तरी शहाणपणा करतात."

दोघं पोलीस ठाण्यातल्या त्याच्या खोलीत बसली होती. पलीकडे भगवान बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून होता. सुमतीचं लक्ष लागत नव्हतं. वल्लरीसारखी मुलगी स्वतःच्या दंडात सुई घालून चार वर्षांच्या पोरीच्या नावावर रक्त ठेवते, हे तिला पटत नव्हतं. पण न पटणं हा पुरावा नव्हे.

तेवढ्यात हवालदार धर्मराज ताट घेऊन आला. साबुदाण्याचे वडे, वर तुपात माखलेली खिचडी, दाण्याची आमटी, वाटीत शिंगाड्याचा शिरा, आणि त्यावरही तुपाची धार.

"हे काय लग्न आहे की काय?" सुमतीने विचारलं.

"उपास आहे मावशी," वडा तोंडात घालत अविनाश म्हणाला. "आज एकादशी."

"एकादशी अन् दुप्पट..." म्हण तिच्या तोंडातच राहिली.

ती ताटाकडे बघत बसली. वड्यातून तेल ओघळून कागद पारदर्शक झाला होता. खिचडीतल्या प्रत्येक दाण्याला तूप होतं. शेंगदाण्याच्या आमटीवर तवंग तरंगत होता. हयातभर ती 'उपाशीपोटी रक्त द्या' असं लोकांना सांगत आली होती, आणि स्वतः कधी उपास न केल्यामुळे उपास आणि रिकामं पोट तिला एकच वाटत होतं. दोन माणसांना तिने त्या एका शब्दावर सोडून दिलं होतं. त्यातली एक पाण्यावर राहिली होती. दुसऱ्याचा घरून डबा आला होता.

"अवि, गाडी परत बोलाव," ती म्हणाली. "वल्लरीला हात लावू नकोस."

"का?"

"नंतर सांगते. आधी वडे संपव, नाहीतर तुझा उपास मोडेल. आणि मग आपण बेलपाड्याला जाऊ. रंजिताच्या आईने मला खून कुणी केला ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मूर्खासारखी तिच्या खांद्यावर हात ठेवून निघून आले."

५

करमरकरांच्या खोलीत त्या दुपारी सहा माणसं कोंबून बसली होती. करमरकर त्यांच्या खुर्चीत, समोर सुमती, वल्लरी आणि निनाद, भिंतीला टेकून अविनाश, आणि दारापाशी जमिनीवर भामा. तिला खुर्ची दिली तरी ती बसली नव्हती. डॉक्टरांसमोर कसं बसायचं, म्हणून. आल्या आल्या तिने त्यांच्या पायाला हात लावला होता, आणि त्यांनी तो लावू दिला होता.

"नळीतल्या रक्ताबद्दल चार गोष्टी आपल्याला माहीत आहेत," ती म्हणाली. "ते सर्दी झालेल्या माणसाचं आहे. बी गटाचं आहे. तो माणूस पाहुणे यायच्या आधी रक्ताच्या खोलीत एकटा होता. आणि त्याने त्याआधी तुपातेलाचं पोटभर खाल्लं होतं. भगवानचा गट ओ. निनादचा ए. वल्लरीचा बी, पण ती दिवसभर पाण्यावर होती."

"असं ती म्हणते," करमरकर हळुवार म्हणाले. "मला वाईट वाटतं, पण नवसाच्या गोष्टी कुणी तपासायच्या?"

"कुणीच नाही. म्हणून तुमच्या डब्याबद्दल बोलू. काय होतं हो त्या दिवशी डब्यात?"

"उपासाचं."

"म्हणजे खिचडी? तूप? दाण्याची आमटी?"

करमरकर हसू लागले. "बाई, उपासाच्या डब्यावरून तुम्ही मला फासावर देणार?"

"सर," वल्लरी एकदम म्हणाली. "तुमचाही गट बी आहे. गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरात तुम्ही पहिलं रक्त दिलंत. मीच तपासलं होतं."

करमरकरांचं हसू तसंच राहिलं, पण त्यात आता माणूस नव्हता. "बी गट पनवेलमधे हजारोंचा आहे," ते म्हणाले.

"बरोबर आहे," सुमती म्हणाली. मग ती भामाकडे वळली. "भामाबाई, डॉक्टरांनी स्वतःचं रक्त दिलं, असं तुम्ही मला म्हणालात. ते तुम्हाला कसं कळलं?"

भामाने आधी डॉक्टरांकडे पाहिलं. परवानगी मागावी तसं. "त्या सांजंला आले ना पोरीला बगाया. बाही वर केली, तर कोपरावर कापूस चिकटवलेला. रगत लागलेला. मी इचारला, डॉक्टर, माजे पोरीला दिलाव का? तर हसले नि बोलले, बाई, कुनाला सांगू नका." तिने पदर तोंडाला लावला. "मी पायावर डोका ठेवला त्यांच्या."

अविनाशने विचारलं, "त्या दिवशी या रुग्णालयात रक्त कुणालाही चढवलेलं नाही. मग डॉक्टर, ते तुमच्या कोपरातून निघालेलं रक्त गेलं कुठे?"

करमरकरांनी निलगिरीचा रुमाल नाकाला लावला. मग म्हणाले ते सुमतीला उद्देशून, जणू खोलीत शिकलेलं तेवढं एकच माणूस होतं.

"तुम्ही शास्त्रातल्या आहात, तुम्हाला कळेल. नळीत रक्त होतं कुठे? बूड ओलं झालं होतं फक्त. पाहुणे दारात. पुन्हा सुई टोचायला तो गडी जागेवर नाही. आणि ती केस विषाणूचीच दिसत होती हो! या थंडीत दहातल्या नऊ तशाच असतात. माझ्या स्वतःच्या रक्ताने आदल्याच दिवशी झकास रेघ दिली होती. मी फक्त... जे नाहीतरी दिसणारच होतं, ते दाखवलं."

"आणि तिचं रक्त?"

"ते निरुपयोगी होतं. बेसिनमध्ये ओतलं."

सुमतीने आयुष्यात कुजलेली प्रेतं पाहिली होती, पोत्यात भरलेले हातपाय पाहिले होते. तशी ओकारी तिला तेव्हाही आली नव्हती. "निरुपयोगी?" ती म्हणाली. "तुमच्या कपाटात जंतूंच्या तापाची साधी काचेवरची तपासणी पडली आहे. तिला थेंबभर पुरतं. त्या थेंबाने ओरडून सांगितलं असतं की पोरीच्या छातीत पू होतोय. तुमची तपासणी पाहुण्यांसमोर फसली असती इतकंच. पोरगी आज अंगणात खेळत असती. आणि हिने पायावर डोकं ठेवलं, तेव्हा तरी औषध चालू करायचंत! ती तेव्हा जिवंत होती, डॉक्टर. पण मग पट्टीवरची रेघ खोटी ठरली असती, नाही का?"

करमरकर भामाकडे बघतही नव्हते, आणि सुमतीला वाटलं की त्यांनी तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं, त्या संध्याकाळीसुद्धा.

भामा उठली. सगळ्यांना वाटलं ती आता त्यांच्या अंगावर धावेल. अविनाश पुढेही सरसावला. ती धावली नाही. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, नळ सोडला आणि हात चोळू लागली. मग कपाळ. साबण हातातून निसटून खाली पडला, तो तिने उचलला आणि पुन्हा चोळू लागली. कपाळाची कातडी लाल झाली तरी ती थांबेना, तेव्हा वल्लरीने जाऊन तिचे हात धरले.

६

भगवानला सोडायच्या कागदांवर सही झाली. ठाण्याच्या पायऱ्यांवर तो उन्हात उभा राहिला, तर घरी जायचं की नाही हेच त्याला कळेना. सुमतीने अविनाशच्या जीपकडे बोट दाखवलं. तो हलला नाही.

"आता तरी मानंल का ती?" त्याने विचारलं.

"मानलं आहे," सुमती म्हणाली. "ती तिकडे आली आहे बघ."

भामा फाटकातून आत आली होती. कपाळावर अजून चोळल्याचे वळ होते. ती भावासमोर येऊन उभी राहिली आणि बराच वेळ त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत राहिली. सुमती मागे सरली. पण ऐकू येत होतं, आणि दूर जायला पाय उचलेना.

"तू दोन दिस गेटाभायेर उबा व्हतास," भामा म्हणाली. "मना म्हाईत व्हता. खिरकीतना दिसत व्हतास. मीच वॉचमनला बोलली, आत सोरू नको. वास मारीत आलतास ना तू, राग व्हता मना."

"ऱ्हाऊ दे, भामा."

"नाय. आयक. शेवटच्या राती ती तुलाच हाका मारीत व्हती. मामा ये, मामा ये. आईला नाय, बापाला नाय. मी आयकत व्हती नि बसून व्हती." "तुला बोलावला नाय मी. तुला कवा सांगनारबी नव्हती. तुजी शिक्षा म्हनून सांगनार नव्हती."

भगवान पायरीवर बसला. कोठडीत इतके दिवस न रडलेला माणूस, गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला. भामा त्याच्या शेजारी बसली. रस्त्यावरून जाणारे लोक बघत होते, पण दोघांनाही त्याचं काही नव्हतं.